'तुझ्यासाठी काय करू?' : दिव्यांग तरुण, ख्रिस्ती सेवा आणि मैत्रीची कसोटी

१/
१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात एक फ्रेंच दांपत्य आपल्या दोन मुलांना घेऊन लूर्दला गेले. लूर्द हे दक्षिण फ्रान्समधील रोमन कॅथलिकांचे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र. आजारी आणि अपंग यात्रेकरूंची तेथे शंभर वर्षांपासून रीघ होती. तरीही या कुटुंबाला धर्मप्रांताच्या सामूहिक यात्रेत जागा मिळाली नाही. दोन्ही मुलांना तीव्र बौद्धिक अक्षमता होती. त्यांना काही कळणार नाही आणि इतरांच्या भक्तीत व्यत्यय येईल, असे आयोजकांचे म्हणणे पडले. अखेर कुटुंब एकटेच निघाले. हॉटेलात खोली मिळाली ती एका अटीवर : जेवण खोलीतच घ्यायचे, भोजनगृहात यायचे नाही.

२/
ज्या गावी आजाऱ्यांना मानाचे स्थान होते, तेथेच या दोन मुलांना पंगतीत जागा नव्हती. त्यांच्यासाठी प्रार्थना करणारे पुष्कळ होते, त्यांच्याबरोबर जेवायला बसणारे मात्र कोणी नव्हते. विसाव्या शतकातील ख्रिस्ती सेवाकार्यात या उणिवेची जाणीव हळूहळू रुजली आणि 'सेवा' या शब्दाशेजारी 'मैत्री' हा शब्द येऊन बसला. हा बदल कसा घडला, त्याने काय साधले आणि त्याच शब्दाच्या आडोशाने काय लपवले गेले, याचा हा इतिहास आहे.

३/
आरंभ शुभवर्तमानांतील दोन कथांपासून करावा लागतो. मार्कच्या शुभवर्तमानात, कफर्णहूम गावी, चार जण एका पक्षघाती माणसाला बाजेवर घालून येशूकडे आणतात. गर्दीमुळे आत जाता येत नाही, तेव्हा छप्पर उसकटून ते त्याला खाली सोडतात. हे चौघे शतकानुशतके सेवेचा आदर्श मानले गेले. मात्र संपूर्ण कथेत तो पक्षघाती माणूस स्वतः एक शब्दही बोलत नाही. त्याला उचलून आणले जाते, तो बरा होतो आणि बाज उचलून निघून जातो.

४/
दुसरी कथा त्याच शुभवर्तमानातील, यरीहोच्या रस्त्यावरची. बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडून येशूला हाक मारतो. लोक त्याला गप्प बसायला सांगतात. येशू थांबतो, त्याला जवळ बोलावतो आणि विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. आंधळ्याला काय हवे असणार, हे कोणालाही ठाऊक असते. तरीही प्रश्न विचारला जातो आणि उत्तराची वाट पाहिली जाते. उचलून नेणे आणि विचारणे, या दोन कृतींमधील अंतर हाच पुढील दीडशे वर्षांच्या इतिहासाचा गाभा आहे.

५/
एकोणिसाव्या शतकातील मिशनरी कार्य प्रामुख्याने पहिल्या वाटेने चालले, आणि ते लहान काम नव्हते. मुंबईत १८८०च्या दशकात कॅथलिक धर्मगुरू लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मूकबधिर मुलांची शाळा निघाली. १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसरला अंधांसाठी शाळा काढली. १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा सुरू केली. ज्या मुलांना शिकवता येते हेच समाजाला मान्य नव्हते, त्यांच्या हाती लिपी आणि कसब आले. परंतु देणारा हात आणि घेणारा हात ठरलेले होते. मुलांनी शिक्षकांना काय दिले, हे विचारण्याची रीत त्या काळच्या अहवालांत नव्हती.

६/
याच काळातील एक उदाहरण थोडे वेगळे आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इराद्याने. त्यांची श्रवणशक्ती मंदावली होती, त्यामुळे तो मार्ग बंद झाला. पुढे दुष्काळांत निराधार झालेल्या स्त्रिया-मुलींसाठी त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगावला मुक्ती मिशन उभारले. तेथे अंध मुलींसाठी स्वतंत्र विभाग होता. त्यांना ब्रेल लिपी आणि हस्तव्यवसाय शिकवले जात. त्या विभागाचे नाव होते बार्तीमी सदन.

७/
नाव अर्थपूर्ण आहे. रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. बार्तीमयाला विचारलेला तो प्रश्न त्यांनी स्वतःच्या लेखणीने मराठीत उतरवला आहे. एका संवेदनेच्या उणिवेमुळे जिची वाट बदलली, तिने दृष्टी नसलेल्या मुलींसाठी घर बांधावे, यात दात्या-याचकाचे नाते थोडे तरी सैल झालेले दिसते. तथापि मुक्ती मिशन ही संस्थाच होती. तिचे नियम, वेळापत्रक आणि वरिष्ठ ठरलेले होते. सहजीवनाची कल्पना अजून दूर होती.

८/
दयेवर उभी असलेली संस्था किती असहाय ठरू शकते, हे युरोपने लवकरच पाहिले. जर्मनीत ग्राफेनेक नावाच्या जुन्या किल्ल्यात एका प्रोटेस्टंट संस्थेचे अपंगांसाठीचे निवासगृह होते. १९३९च्या ऑक्टोबरमध्ये नाझी राजवटीने ते ताब्यात घेतले आणि जानेवारी १९४० पासून तेथे विषारी वायूने माणसे मारली जाऊ लागली. एका वर्षात त्या एका ठिकाणी दहा हजारांहून अधिक अपंग आणि मनोरुग्ण ठार झाले. ऑगस्ट १९४१ पर्यंत अशा सहा केंद्रांत मिळून सत्तर हजारांहून अधिक माणसे मारली गेली. त्यांतील पुष्कळांना चर्चच्या आश्रयगृहांतूनच बसमधून नेण्यात आले होते.

९/
काही धर्मगुरूंनी विरोध केला. म्यून्स्टरचे बिशप फोन गालेन यांचे ऑगस्ट १९४१ मधील प्रवचन त्यासाठी प्रसिद्ध आहे. परंतु अनेक संस्थांनी याद्या भरून दिल्या. इतिहासाने येथे एक कठोर प्रश्न ठेवला आहे. ज्याची आपण 'काळजी घेतो' तो माणूस उद्या नाहीसा झाला, तर आपल्या स्वतःच्या आयुष्यात काही उणे होणार आहे का? सेवा हे कर्तव्य असेल तर वरून आलेल्या आदेशाने ते संपू शकते. मित्र गेला तर घरातील त्याची जागा रिकामी दिसते.

१०/
त्याच १९४० मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीनजवळ एक निराळा प्रयोग सुरू झाला. व्हिएन्नाहून परागंदा झालेले ज्यू वंशाचे डॉक्टर कार्ल क्योनिग आणि त्यांचे तरुण सहकारी कॅम्पहिल नावाच्या वास्तूत राहायला गेले. तेथे ते अपंग मुलांबरोबर एकाच घरात राहू लागले. पगार नाही, पाळी नाही. स्वयंपाक, शेती, सण आणि प्रार्थना सर्वांची एकत्र. ख्रिस्ती श्रद्धा आणि रुडॉल्फ स्टायनर यांचे विचार हा त्यांचा आधार होता. स्वतःच्या देशाने नको ठरवलेल्या माणसांनी जगाने नको ठरवलेल्या मुलांबरोबर संसार मांडला होता. कॅम्पहिलची ही घरे पुढे अनेक देशांत पसरली.

११/
यानंतरचे प्रकरण सर्वांत प्रसिद्ध आहे आणि सर्वांत अवघडही. जाँ व्हानिए यांचा जन्म १९२८चा. वडील जॉर्ज व्हानिए हे कॅनडाचे गव्हर्नर जनरल. जाँ तेराव्या वर्षी ब्रिटिश नौदलाच्या विद्यालयात दाखल झाले आणि १९५० मध्ये नौदल सोडून पॅरिसजवळच्या एका धार्मिक समुदायात आले. तेथे डोमिनिकन धर्मगुरू तोमा फिलीप हे त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक झाले. १९६२ मध्ये व्हानिए यांनी ॲरिस्टॉटलच्या नीतिविचारातील सुखाच्या संकल्पनेवर डॉक्टरेट मिळवली.

१२/
हा ॲरिस्टॉटलचा धागा महत्त्वाचा आहे. त्याच्या मते परिपूर्ण मैत्री सद्गुणांनी समान असलेल्या दोन माणसांतच होते. अंतर फार वाढले की मैत्री टिकत नाही, म्हणूनच मनुष्य आणि देव यांच्यात ती संभवत नाही असे त्याने म्हटले. याउलट योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो की तुम्ही माझे दास नसून मित्र आहात. बुद्धी, वाणी, स्वावलंबन यांत मोठी तफावत असलेल्या दोघांत मैत्री होऊ शकते का, हा प्रश्न या दोन परंपरांच्या सांध्यावर उभा होता.

१३/
ऑगस्ट १९६४. पॅरिसच्या उत्तरेला कोंपिएन्यच्या अरण्यालगत त्रोली-ब्रॉय नावाचे खेडे आहे. फादर तोमा तेथे बौद्धिक अक्षमता असलेल्या पुरुषांच्या एका निवासी संस्थेचे धर्मगुरू होते. व्हानिए यांनी गावात एक जुने, तुटपुंज्या सोयींचे घर घेतले आणि राफाएल सिमी व फिलीप स्यू यांना एका बंदिस्त आश्रयगृहातून तेथे राहायला आणले. आईवडील गेल्यावर या दोघांना त्या आश्रयगृहात टाकण्यात आले होते. राफाएल फार थोडे शब्द बोलत. फिलीप बोलके होते. घराला नाव दिले 'लार्श', म्हणजे नोहाचे तारू.

१४/
या आरंभकथेत दोन गोष्टी सहसा घाईने सांगितल्या जातात. पहिली अशी की या घरात येण्याविषयी त्या दोघांचा कौल आधी घेतला गेला नव्हता. निर्णय व्हानिए यांचा होता. दुसरी अशी की पहिल्या रात्री तेथे तिसरा एक माणूसही होता. नव्या जागेत तो इतका व्याकूळ झाला की त्याला सांभाळणे अशक्य ठरले आणि दुसऱ्याच दिवशी त्याला परत पाठवावे लागले. मैत्रीच्या या घराचा उंबरठा ओलांडून जो पहिल्यांदा बाहेर गेला, त्याची बाजू इतिहासात नोंदलेली नाही.

१५/
तरीही त्या घरात काही खरे घडले. तिघे मिळून बाजारहाट करत, स्वयंपाक करत, भांडत, बाग लावत. फिलीप आणि राफाएल यांना उपदेशांपेक्षा सोबत हवी आहे, हे व्हानिए यांच्या ध्यानात आले. पुढल्या वर्षी, मार्च १९६५ मध्ये, गावातील त्या मोठ्या संस्थेचा कारभारही त्यांच्याकडे आला. तेथे तीसेक पुरुष होते आणि जुने कर्मचारी जवळजवळ सर्वच सोडून गेले. त्यांच्या जागी देशोदेशींचे तरुण येऊ लागले. वर्ष-दोन वर्षे राहायचे, हातखर्चापुरते पैसे घ्यायचे आणि एका छताखाली जगायचे, अशी रीत पडली. १९६८च्या आसपासच्या अस्वस्थ पिढीला या साधेपणाची ओढ वाटली.

१६/
लार्श लवकरच फ्रान्सबाहेर गेले. १९६९ मध्ये टोरोंटोजवळ रिचमंड हिल येथे एका अँग्लिकन दांपत्याने 'डेब्रेक' हे घर सुरू केले. कॅथलिक भूमीत उगवलेली चळवळ तेथे पंथांची कुंपणे ओलांडू लागली. १९७० मध्ये बंगळूरला 'आशा निकेतन' उभे राहिले. तेथे एका पंगतीला हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती बसत. प्रार्थना कोणाच्या आणि कशी, हा प्रश्न त्या घरांना रोजच्या जेवणाइतकाच प्रत्यक्ष होता. पुढे कोलकाता, चेन्नई आणि केरळ येथेही आशा निकेतनची घरे झाली.

१७/
आता लूर्दच्या त्या कुटुंबाकडे परतू. त्यांचा अपमान मारी-एलेन मात्यू यांच्या कानी आला. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या त्या फ्रान्समधील जाणत्या कार्यकर्त्या. त्यांनी आणि व्हानिए यांनी ठरवले की अशाच कुटुंबांची एक मोठी यात्रा लूर्दला न्यायची. तयारीला जवळजवळ तीन वर्षे लागली. ती केवळ गाड्या आणि खोल्यांची नव्हती. गावोगावी लहान गट बांधण्यात आले. प्रत्येक गटात अक्षमता असलेली मुले-तरुण, त्यांचे पालक आणि त्यांच्याच वयाचे मित्र असावेत, अशी योजना होती. यात्रेपूर्वी हे सर्व एकमेकांना नावाने ओळखू लागले.

१८/
१९७१चा ईस्टर. पंधरा देशांतून सुमारे बारा हजार माणसे लूर्दला उतरली, त्यांत सुमारे चार हजार बौद्धिक अक्षमता असलेली. गोंधळ होईल, माणसे हरवतील, अपघात होतील, अशी भीती अनेकांना होती. प्रत्यक्षात उत्सव झाला. रस्त्यांवर गाणी आणि नाच झाले आणि ज्यांच्या कुटुंबाला भोजनगृहात मज्जाव झाला होता अशी मुले नगराच्या मध्यभागी आली. कित्येक आईवडिलांनी आयुष्यात प्रथमच आपल्या मुलाला घेऊन गर्दीत मिसळताना मान वर ठेवली.

१९/
ठरल्याप्रमाणे ही यात्रा एकदाच होणार होती, पण गट मोडायला तयार नव्हते. त्यांतून 'श्रद्धा आणि प्रकाश' या अर्थाच्या नावाची चळवळ जन्मली. तिची रचना आजही साधी आहे. तीसेक माणसांचा गट महिन्यातून एकदा भेटतो. गप्पा, खाणे, खेळ, प्रार्थना. राहायचे आपापल्या घरी. लार्शमध्ये घर सोडून यावे लागे, येथे घराला मित्र मिळत. एखादी तरुणी कॉलेजात असताना एका मुलाची मैत्रीण होते आणि वीस वर्षांनंतरही त्याच्या वाढदिवसाला येते, हेच या चळवळीचे यश मानले गेले. आज ती ऐंशीच्या आसपास देशांत आहे.

२०/
मैत्री 'परस्पर' असते म्हणजे नेमके काय, याचे सर्वांत तपशीलवार टिपण एका प्राध्यापकाने ठेवले आहे. डच धर्मगुरू हेन्री नाउवेन यांनी येल आणि हार्वर्ड विद्यापीठांत शिकवले होते. त्यांची पुस्तके जगभर वाचली जात. ऑगस्ट १९८६ मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, ते सर्व सोडून डेब्रेकमध्ये राहायला आले. त्यांच्यावर सोपवलेले पहिले काम होते ॲडम आर्नेट या चोवीस वर्षांच्या तरुणाला रोज सकाळी उठवून तयार करण्याचे. ॲडम बोलू शकत नव्हता, त्याला आधाराशिवाय चालता येत नव्हते आणि अपस्माराचे झटके येत.

२१/
आंघोळ, दाढी, कपडे, न्याहारी, यांत दीड-दोन तास जात. स्वतःला चहाचा कपही नीट करता येत नसल्याची ख्याती असलेला हा विद्वान सुरुवातीला घाबरला आणि मग घाई करू लागला. त्याने प्रामाणिकपणे नोंदवले आहे की आपण घाईने ॲडमचे हात बाह्यांत ढकलले की त्याला झटका येई. जणू त्या शरीराने सांगितले होते की सावकाश. नाउवेन यांना आपला वेग सोडावा लागला. पुढे ते या तासांत ॲडमशी मनातले बोलू लागले. ॲडम घास घ्यायला वेळ लावी, आणि तो वेळ नाउवेन यांच्या दिवसातील सर्वांत शांत काळ झाला.

२२/
पाहुण्यांना हे पटत नसे. इतका मोठा लेखक रोज दोन तास असे खर्च करतो, हे काम दुसरे कोणी करू शकत नाही का, असे त्यांना वाटे. नाउवेन यांचे उत्तर असे की या मैत्रीत अधिक लाभ आपल्याला होतो आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये ॲडमचा मृत्यू झाला. नाउवेन यांनी त्याच्याविषयी पुस्तक लिहायला घेतले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचेही निधन झाले. पुस्तक नंतर प्रकाशित झाले.

२३/
अभ्यासकांनी यावर शंका घेतली, आणि ती रास्त होती. ॲडम बोलत नव्हता, मग त्याच्या मनातले नाउवेन यांनी कशावरून ओळखले? दिव्यांग माणसाला 'गुरू' ठरवून आपल्या आध्यात्मिक प्रगतीचे साधन करणे हाही एक प्रकारचा वापरच नव्हे काय? उत्तर त्या झटक्याच्या नोंदीत सापडते. ॲडमचे गुणगान बाजूला ठेवले तरी एवढे उरते की त्याच्या शरीराने नकार दिला आणि दुसऱ्याने आपले वागणे बदलले. मैत्रीचा पुरावा उदात्त भावनेत शोधण्यापेक्षा अशा बदलांत शोधणे अधिक विश्वासार्ह आहे.

२४/
डेब्रेकचाच आणखी एक प्रसंग. नाउवेन वॉशिंग्टनला ख्रिस्ती नेतृत्वावर व्याख्यान द्यायला गेले, तेव्हा डेब्रेकमधील बिल नावाचे सदस्य बरोबर होते. भाषण सुरू होताच बिल व्यासपीठावर येऊन उभे राहिले. वाचून झालेले एकेक पान ते उचलून बाजूला ठेवू लागले. मधेच, हे तर पूर्वीच ऐकले आहे, असे त्यांनी मोठ्याने सांगितले आणि सभागृह हसले. शेवटी त्यांनी स्वतःही दोन शब्द बोलण्याचा हक्क मागितला आणि तो बजावला. वक्त्याची प्रतिष्ठा थोडी कमी झाली, पण त्या संध्याकाळी श्रोत्यांनी दोघांना ऐकले.

२५/
ही कल्पना एव्हाना तरुणांच्या इतर संघटनांतही पोहोचली होती. अमेरिकेतील 'यंग लाइफ' या ख्रिस्ती युवासंघटनेने १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होसे येथे दिव्यांग किशोरवयीनांसाठी शाखा सुरू केली. तिचे नाव कफर्णहूमवरूनच ठेवले. इतर मुलांना मिळणारी शिबिरे, क्लब आणि दंगामस्ती यांनाही मिळावी, हा हेतू. नाव मात्र त्या चार मित्रांच्या कथेचे, ज्यात आणला गेलेला माणूस बोलत नाही. अशा प्रत्येक उपक्रमापुढे तोच प्रश्न उभा राहतो. शिबिर संपल्यावर त्या मुलाला फोन येतो का? आणि त्याने फोन केला तर कोणी उचलतो का?

२६/
या प्रश्नाला धार दिली ती दिव्यांग विचारवंतांनी. अमेरिकन अभ्यासक नॅन्सी आइसलँड स्वतः जन्मजात अस्थिव्यंगासह जगल्या. १९९४ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी दाखवले की चर्चने दिव्यांगत्वाकडे एक तर पापाचे फळ म्हणून पाहिले, नाही तर सोशिकतेचा धडा म्हणून, अथवा दयेचे निमित्त म्हणून. तिन्ही वेळा बोलणारा दुसराच होता. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातापायांवर जखमा तशाच होत्या, याकडे त्यांनी लक्ष वेधले. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानीच एक जखमी देह आहे. दिव्यांगांच्या वतीने बोलणाऱ्यांनी थोडे थांबावे, हा त्यांच्या लेखनाचा रोख होता.

२७/
आणि मग तो धक्का आला. व्हानिए यांना २०१५ मध्ये टेम्पलटन पुरस्कार मिळाला होता. ७ मे २०१९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा जगाने त्यांना जिवंतपणीच संत झालेला माणूस म्हणून निरोप दिला. २२ फेब्रुवारी २०२० रोजी लार्शने स्वतःच नेमलेल्या चौकशीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९७० ते २००५ या काळात व्हानिए यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आवरणाखाली किमान सहा प्रौढ स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. फादर तोमा यांना अशाच कृत्यांसाठी रोमने १९५६ मध्येच दोषी ठरवले होते आणि व्हानिए यांना ते ठाऊक होते.

२८/
जानेवारी २०२३ मध्ये स्वतंत्र अभ्यास-आयोगाचा जवळपास नऊशे पानांचा अहवाल आला. पीडित स्त्रियांची संख्या किमान पंचवीस असल्याचे त्यात आढळले. फादर तोमा यांच्याभोवतीच्या जुन्या गुप्त वर्तुळाला पुन्हा एकत्र येता यावे, हाही त्रोलीतील त्या आरंभामागचा एक हेतू होता, असेही समोर आले. बौद्धिक अक्षमता असलेल्या कोणाचे शोषण झाल्याचा पुरावा चौकशीत मिळाला नाही. पण हे वाचून सुटकेचा निःश्वास टाकणे त्या स्त्रियांवर पुन्हा अन्याय करणारे ठरेल.

२९/
मैत्री, कोमलता, दुबळेपणाचे सौंदर्य, हे शब्द ज्याने जगाला शिकवले त्यानेच ते शस्त्रासारखे वापरले. आश्रयगृहाच्या भिंती निदान दिसत तरी होत्या. सत्तेवर मैत्रीचे नाव घातले की ती दिसेनाशी होते, आणि जी दिसत नाही तिला नकार कसा द्यायचा? ज्या स्त्रियांनी अखेर तोंड उघडले, त्यांनी हा प्रश्न लार्शच्या आणि सर्व ख्रिस्ती सेवाकार्यांच्या पुढ्यात ठेवला. संस्थेने आपल्याच संस्थापकाविरुद्धचे सत्य स्वतः प्रसिद्ध केले, हे या काळोखातील एक विवेकी पाऊल होते.

३०/
मग त्रोलीतील घर खोटे होते का? संस्थापकाच्या हेतूंवर राफाएल आणि फिलीप यांच्या आयुष्याचे मोल ठरत नाही. बंदिस्त आश्रयगृहातून बाहेर पडून त्यांनी स्वतःच्या टेबलावर जेवण केले, मित्र जोडले, गावात त्यांना नावाने ओळखले गेले. ती वर्षे त्यांची होती. लूर्दला आलेल्या त्या चार हजारांचा उत्सवही त्यांचाच होता. हा वारसा एका माणसाच्या नावे लिहिला गेला, ही चूक होती, आणि ती दुरुस्त करताना ज्यांची नावे तळटीपेत राहिली ती वर आणावी लागतात.

३१/
कायद्याच्या जगात दरम्यान एक शांत क्रांती झाली होती. १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांनी दिव्यांगांच्या हक्कांचा करार स्वीकारला. भारताने २००७ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०१६ मध्ये त्या अनुषंगाने नवा कायदा केला. कराराचा १९वा अनुच्छेद सांगतो की कोठे राहायचे आणि कोणाबरोबर राहायचे, हे ठरवण्याची संधी दिव्यांग व्यक्तीलाही इतरांइतकीच असली पाहिजे. १९६४च्या ऑगस्टमध्ये जे विचारले गेले नव्हते, तेच आता हक्क म्हणून लिहिले गेले आहे.

३२/
हक्काने घराचे दार उघडते, पण त्या दारातून कोणी आपणहून गप्पा मारायला यावे, हे कायदा घडवू शकत नाही. तेथे मैत्रीचे काम सुरू होते आणि श्रद्धेने प्रेरित झालेल्या तरुणांनी ते पुष्कळ ठिकाणी निष्ठेने केले आहे. परंतु गेल्या साठ वर्षांनी शिकवलेली कसोटी विसरता येत नाही. दोघांपैकी अधिक बळ ज्याच्याकडे आहे, त्याने थांबून विचारायचे, शब्दांत उत्तर येत नसेल तर देहाची भाषा शिकायची आणि 'नको' आले तर ते मानायचे.

३३/
यरीहोच्या रस्त्यावर लोक त्या आंधळ्याला गप्प करत होते, कारण त्यांना पुढे जायची घाई होती. कथा त्याला दृष्टी मिळाली म्हणून सांगितली जाते. केडगावच्या अंध मुलींना दृष्टी मिळाली नाही, ॲडमला वाचा आली नाही आणि लूर्दहून परतलेली मुलेही जशी गेली होती तशीच परतली. त्यांच्या वाट्याला कथेचा पहिला भाग आला : कोणीतरी थांबले, त्यांना जवळ बोलावले आणि त्यांच्या उत्तरासाठी वाट पाहिली. तो भाग चमत्काराशिवायही घडू शकतो.

॥ धागा समाप्त ॥